पूर्वपक्षाचे गुण

पश्चिम बंगालमधल्या बारावीच्या बांगला पेपरात निबंधाचा एक असा प्रकार विचारला जात आला आहे, जो मराठी मुलांच्या वाट्याला सहसा येत नाही. वादाचा एक विषय छापलेला असतो, त्या विषयाच्या बाजूचे काही मुद्दे खाली आयते दिलेले असतात, आणि सूचना अशी की प्रतिपक्षाच्या युक्तिवादाचा फोलपणा सिद्ध करून स्वपक्षाची मांडणी क्रमाने करावी. चारेकशे शब्द, दहा गुण. यातला स्वपक्ष विद्यार्थ्याने निवडलेला नसतो. तो प्रश्नपत्रिकेनेच ठरवून दिलेला असतो. मोबाइलवाचून आजचे जगणे अडते असे छापून आले, की ते अडत नाही असे लिहायचे. मग लिहिणारा आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत मोबाइलला चिकटून का असेना. कोलकात्याच्या सियालदह स्टेशनातून निघून पश्चिमेला चालत गेले की थोड्याच वेळात कॉलेज स्ट्रीटचा बोईपाडा, म्हणजे पुस्तकांची पेठ, लागतो, आणि तिथे या दहा गुणांसाठी तयार निबंधांची पुस्तके मिळतात. आपल्याकडे दहावीला प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक यांतून एक निवडायचे असते. वैचारिक निवडणारा मुलगा बहुधा ‘विज्ञान : शाप की वरदान’ या जातीचे काहीतरी लिहितो आणि अखेरीस दोन्ही बाजूंना नमस्कार करून मोकळा होतो. त्या मानाने बंगालचा प्रश्न धीट आहे. बाजू घे आणि समोरच्याला उत्तर दे, एवढे तरी तो सांगतो.

या प्रश्नाखाली धर्माचा एक जुना पेच दडलेला आहे. जे आपल्याला पटलेले नाही ते दुसऱ्याला पटवून देणे हे असत्य नव्हे काय? आणि समोरच्याचे म्हणणे फोल आहे हे ते ऐकण्याआधीच ठरवून टाकणे, यात तरी सत्याची चाड कुठे उरते? माझ्या मते यातला पहिला दोष दिसतो तेवढा खरा नाही. दुसरा मात्र खरा आणि गंभीर आहे. विरोधकाचे म्हणणे विरोधकालाही मान्य होईल अशा नेमकेपणाने मांडणे ही लेखनाची हातोटी म्हणून शिकवली जाते. ते मुळात सत्याचे व्रत आहे, आणि परीक्षेला तर्कनिष्ठ निबंधाचे गुण द्यायचेच असतील तर पहिले गुण त्यालाच द्यायला हवेत.

हा आग्रह आपल्या परंपरेला नवा नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी, प्रमाणांच्या आणि तर्काच्या आधाराने चालतो तो वाद. जिंकण्यासाठी शब्दच्छल आणि खोट्या हरकती यांचाही आसरा घेतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा मोडतो ती वितंडा. हे तीन भेद शाळेतही कधीमधी कानावर पडतात. त्याच ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायातली यादी मात्र फारशी कुणी वाचत नाही. तिथे बावीस निग्रहस्थाने दिली आहेत, म्हणजे ज्या ठिकाणी वादी हरला असे समजावे अशा बावीस जागा, आणि त्यांतली एक आहे अननुभाषण. प्रतिपक्षाने आपले विधान तीनदा सांगितले, सभेला ते कळले, तरीही ज्याला ते पुन्हा उच्चारता येत नाही, तो तिथेच हरला. उत्तर बरोबर की चूक याचा प्रश्न नंतरचा. मला हा नियम विलक्षण वाटतो. समोरच्याचे म्हणणे जसेच्या तसे बोलून दाखवण्याची असमर्थता हा इथे शिष्टाचाराचा भंग मानलेला नाही, सरळ पराभव मानला आहे. नव्यन्यायाचे मोठे केंद्र असलेले नवद्वीप सियालदहहून काही तासांच्या अंतरावर आहे: कृष्णनगर लोकल पकडायची आणि पुढे भागीरथी ओलांडायची. तिथल्या टोलांत, म्हणजे संस्कृत पाठशाळांत, मुले वर्षानुवर्षे हेच शिकत. आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रह’ लिहिताना पहिले प्रकरण दिले ते चार्वाकाला. लोकांच्या तोंडी चार्वाक म्हणजे कर्ज काढून तूप पिणारा एवढेच राहिले. माधवाच्या ग्रंथात मात्र अनुमानावरचा त्याचा खरा आक्षेप सविस्तर येतो: धूर तिथे अग्नी हा सार्वत्रिक नियम तुम्ही कधी, कुठे, कसा पाहिलात? वेदान्त्याच्या हातून नास्तिकाची बाजू एवढ्या ताकदीने उतरली म्हणूनच पुढच्या दर्शनांना तिचे उत्तर देण्याचे ओझे वाहावे लागले.

सियालदहवरून उत्तर-दक्षिण जाणारा जो मोठा रस्ता आहे, त्याच्यावर या व्रताची दोन आधुनिक उदाहरणे घडली. उत्तरेला तो आचार्य प्रफुल्लचंद्र रायांच्या नावाचा, दक्षिणेला आचार्य जगदीशचंद्र बोसांच्या. पूर्वीचा अप्पर आणि लोअर सर्क्युलर रोड. मराठी वाचकाने जरा ओशाळून ऐकावी अशी त्याची जन्मकथा आहे. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांनी बंगालमध्ये लुटालूट मांडली. त्या बर्गींची दहशत तिथल्या अंगाईगीतांत अजून टिकून आहे. कलकत्त्याच्या रहिवाशांनी त्यांच्या भीतीने शहराभोवती सात मैलांचा ‘मराठा खंदक’ खणायचे ठरवले. तीनेक मैल खणून झाल्यावर काम थांबले. मराठे शहरावर चालून आलेच नाहीत, आणि १७९९च्या सुमारास खंदक बुजवून त्याच्या ओळीत हा रस्ता झाला. ऐकीव भयावरून प्रतिपक्ष रचायचा, त्याच्याविरुद्ध बंदोबस्त करायचा आणि तो समोर उभाच राहू नये, अशी गत परीक्षेतल्या बहुतेक खंडन-निबंधांची होते.

या रस्त्यावर उत्तरेकडे, माणिकतल्याला, राममोहन रायांची बागवाडी होती. सतीच्या चालीविरुद्ध त्यांनी १८१८ मध्ये बांगलात जी पुस्तिका काढली, तिचा घाट संवादाचा आहे: एक सहगमनाचा प्रवर्तक, एक निवर्तक. दुसरा संवाद १८१९ मध्ये आला. या पुस्तिकांची ताकद कशात आहे हे पाहण्यासारखे आहे. प्रवर्तकाला राममोहनांनी बावळट केलेले नाही. अंगिरा, हारीत यांची वचने तो पुढे करतो, परंपरेचा दाखला देतो, विधवेला मिळणाऱ्या पुण्याचा हिशोब मांडतो. त्या काळच्या पंडिताला ‘हे आमचेच म्हणणे’ असे वाटावे इतपत तो भक्कम आहे. निवर्तक त्याला मनूच्या आधाराने उत्तर देतो. मग म्हणतो, तुमची वचने मानली तरी त्यांत स्त्रीने स्वेच्छेने चितेवर चढावे असे आहे, दोरांनी बांधून बांबूंनी दाबावे असे नाही. एकेक शास्त्राधार असा निसटत गेल्यावर दुसऱ्या संवादाच्या अखेरीकडे प्रवर्तक खरे कारण बोलून टाकतो: स्त्रिया बुद्धीने कमी, अस्थिर, विश्वासाला अपात्र, मागे राहिल्या तर वाकड्या वाटेला जातील, म्हणून आम्ही त्यांना बांधतो. हे कारण ग्रंथांत नव्हते, मनात होते. प्रवर्तकाला पूर्ण बोलू दिले नसते तर ते बाहेर आले नसते. मग राममोहन स्त्रियांवरच्या त्या एकेका आरोपाला जे उत्तर देतात, ते त्या शतकातल्या स्त्रीपक्षाच्या लेखनात फार वरच्या जागी ठेवावे लागते. ४ डिसेंबर १८२९ रोजी सतीबंदीचा कायदा झाला. तो एका पुस्तिकेने झाला असे कुणी म्हणणार नाही. पण शास्त्राची ढाल पुढे करणाऱ्यांच्या हातून ती ढाल त्यांच्याच शब्दांत काढून घेतली गेली होती.

त्याच रस्त्यावर दक्षिणेला, मौलालीजवळ, हेन्री डिरोझिओचे घर होते. १८०९चा जन्म, सतरा वर्षांचा असताना हिंदू कॉलेजात शिक्षक, आणि १८३१च्या डिसेंबरात बाविसाव्या वर्षी कॉलऱ्याने मृत्यू. त्याच्या विद्यार्थ्यांची ॲकॅडेमिक असोसिएशन ही वादसभा माणिकतल्याच्या एका बागवाडीत भरे. नियती, सद्गुण, मूर्तिपूजा, ईश्वराचे अस्तित्व, काहीही विषय वर्ज्य नसे. १८३१च्या एप्रिलमध्ये कॉलेजच्या व्यवस्थापकांनी त्याला दूर करायचे ठरवले. तो शिक्षक म्हणून अपात्र आहे, या ठरावाला बहुमत मिळाले नाही. शहरातले हिंदू लोकमत बिघडले आहे, म्हणून त्याला काढणे सोयीचे, एवढेच ठरले. त्याला बोलावून विचारले नाही. संस्कृत पंडित होरेस विल्सन व्यवस्थापनात होते. त्यांनी मागाहून पत्राने तीन आरोपांबद्दल खुलासा विचारला: तू ईश्वर मानत नाहीस काय, आईवडिलांची आज्ञा पाळणे कर्तव्य नव्हे असे शिकवतोस काय, भावाबहिणींचा विवाह निर्दोष म्हणतोस काय. डिरोझिओचे उत्तर उपलब्ध आहे. शेवटचे दोन आरोप तो फेटाळतो. पहिल्याबद्दल म्हणतो, की मी कुणाच्याही देखत ईश्वर नाकारलेला नाही. तत्त्वज्ञांच्या शंका मुलांपुढे ठेवल्या हे खरे, त्या शंकांची समाधानेही ठेवली. ह्यूमच्या संवादांतले क्लिअँथीज आणि फायलो यांचे तर्क मी मुलांना दाखवले, तसे ह्यूमला रीड आणि ड्युगल्ड स्ट्यूअर्ट यांनी दिलेले प्रत्युत्तरही दाखवले. म्हणजे त्याच्यावरचा आरोप पूर्वपक्ष शिकवल्याचा होता. आणि ज्यांनी त्याला काढले त्यांना त्याचे म्हणणे एकदाही नीट उच्चारून दाखवता आले नव्हते. गौतमाच्या सभेत कोण हरले असते हे उघड आहे.

पण व्यवस्थापकांची भीती निराधार होती असे म्हणून पुढे सरकणे हाही एक प्रकारचा अननुभाषणाचा दोष ठरेल. त्यांचा आक्षेप सबळ होता आणि आजही आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला दोन्ही बाजू तेवढ्याच जोराने दाखवल्या तर त्याच्या पायाखालची जमीन सरकते. शंका लगेच कळते, समाधान कळायला आयुष्य जाते. १८३१च्या ऑगस्टमध्ये डिरोझिओच्या शिष्यमंडळाने कृष्णमोहन बॅनर्जींच्या घरी गोमांस खाऊन हाडे शेजाऱ्याच्या घरात फेकली; याला विचारस्वातंत्र्य म्हणणे कठीण आहे. कृष्णमोहन पुढच्याच वर्षी ख्रिस्ती झाले. आईबापांच्या नजरेने पाहिले तर अनर्थ पुरा झाला. तरी या शिष्यांचे पुढे काय झाले तेही पाहावे. रामतनु लाहिडी ब्राह्म समाजी झाले आणि आदर्श शिक्षक म्हणून नावाजले. प्यारीचांद मित्र अध्यात्माकडे वळले. कृष्णमोहनांनी १८६१ मध्ये हिंदू दर्शनांवर संवादरूप ग्रंथ लिहिला, त्यात त्यांनी सोडलेल्या धर्माच्या पंडितांना बोलायला भरपूर जागा आहे. शंका ऐकलेली ही मुले एकाच नास्तिक खड्ड्यात पडली नाहीत. वेगवेगळ्या वाटांनी गेली. आणि त्या शतकाच्या अखेरीस, १९ फेब्रुवारी १८९७ रोजी, ज्या माणसाला घेऊन खास गाडी सियालदहला आली आणि ज्याच्या बग्गीचे घोडे सोडून विद्यार्थ्यांनी ती स्वतः ओढत नेली, तो विवेकानंद नावाचा संन्यासी कॉलेजच्या दिवसांत ह्यूम, मिल आणि स्पेन्सर वाचून पुरता संशयवादी झालेला मुलगा होता. त्यांचा जाहीर सत्कार झाला तो शोभाबाजारच्या राधाकांत देवांच्या वाड्यात. डिरोझिओच्या वेळी कॉलेजच्या व्यवस्थापनातल्या सनातनी बाजूचे हेच राधाकांत देव प्रमुख. एका उदाहरणाने नियम सिद्ध होत नाही. शंका ऐकल्याने श्रद्धा मरतेच, हा उलटा नियम मात्र एका उदाहरणाने मोडतो.

आता असत्याचा आक्षेप. नेमून दिलेली बाजू लिहिणे म्हणजे खोटे बोलणे, असे मानले तर बौद्धांचा क्षणिकवाद आपल्या भाष्यात बोलून दाखवणारे शंकराचार्य खोटे ठरतील आणि प्रवर्तकाच्या तोंडी शब्द घालणारे राममोहनही. तसे कुणी म्हणत नाही, कारण इथे कोण कुणाच्या वतीने बोलतो आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक असते. फसवण्याचा हेतूच नसतो. परीक्षक आणि परीक्षार्थी यांच्यातही हा करार उघड आहे. परीक्षेच्या निबंधात असत्य शिरते ते दुसऱ्याच दाराने. ‘एका थोर विचारवंताने म्हटले आहे’ असे लिहून मनचे वाक्य ठोकून देणे, ‘एका पाहणीनुसार’ म्हणून टक्केवारी बनवणे, आणि विरोधकाचे म्हणणे सोपे पडावे म्हणून ते मोडून-वाकवून सांगणे. पहिल्या दोन गोष्टी परीक्षकाच्या लक्षात येत नाहीत. तिसरीला तो अनेकदा गुण देतो. या वकिलीची सवय जडते हे मात्र मान्य करायला हवे. रोज एकच बाजू लढवणाऱ्याला दुसरी बाजू खरी असू शकते याचा विसर पडतो. म्हणूनच सवय लावायची ती दोन्ही बाजू सारख्याच निगुतीने लिहिण्याची. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात झालेल्या प्रसिद्ध वादाचे वृत्तांत पुढे दोन्ही बाजूंनी छापले, आणि ज्याच्या त्याच्या वृत्तांतात विजय त्याचाच. गर्दी जमली, करमणूक झाली, पक्ष होते तिथेच राहिले. ही शक्ती जल्पात खर्च झाली असे माझे मत आहे, विष्णुबावांबद्दल कितीही आदर असला तरी.

सर्वांत अवघड आक्षेप वेगळाच आहे. काही मते अशी असतात की ती नेटकेपणाने मांडणे म्हणजेच त्यांना प्रतिष्ठा देणे. अस्पृश्यतेचा पूर्वपक्ष उत्तम लिही, असे एखाद्या दलित मुलीला सांगायचे काय? नाही. जिच्या माणूसपणाचाच वाद केला जातो आहे तिच्यावर त्या वादाची दुसरी बाजू लादण्याचा हक्क कुठल्याही परीक्षा मंडळाला नाही, आणि नेमून दिलेला पक्ष हा प्रकार इथे खरोखर अडतो. विषय निवडताना ही मर्यादा पाळलीच पाहिजे. पण लादणे वेगळे आणि स्वतः होऊन ते करणे वेगळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये जातिसंस्थेच्या उच्छेदावरचे आपले न झालेले भाषण छापले. त्यात जातीच्या समर्थकांचे श्रमविभागणीचे आणि वंशशुद्धीचे म्हणणे त्यांनी पुढे घेतले आणि मग मोडले. जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हा त्यांचा मुद्दा त्या म्हणण्याला थेट भिडूनच निघाला. महात्मा गांधींनी ‘हरिजन’मधून त्यावर टीका केली, तेव्हा १९३७च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधींची टीका आपल्याच पुस्तकात छापली आणि तिच्याबरोबर आपले उत्तर. ज्यांच्या हातून आपल्या समाजाने हजारो वर्षे सोसले, त्यांच्या बाजूचा सर्वांत वजनदार आवाज आपल्या पुस्तकात पूर्ण ऐकू देण्याइतका आत्मविश्वास त्या माणसाला होता. टीका वगळली असती तर उत्तर निम्म्याने हलके झाले असते.

श्रद्धेचा विषय तर्काचा नाही, तेव्हा धर्माच्या प्रश्नावर निबंधच नको, असे म्हणणारेही आहेत, आणि बंगालमध्ये ते चैतन्यांचे नाव घेतात. नवद्वीपचे निमाई पंडित, म्हणजे पुढचे चैतन्य, टोल चालवत, वादात नामांकित होते, आणि मग सगळी पंडिती बाजूला ठेवून कीर्तनात शिरले. खरे आहे. पण त्यांच्यामागून जीव गोस्वामींना षट्संदर्भ लिहावे लागले, आणि त्यांत अद्वैताचा पूर्वपक्ष आहे. आपल्याकडे ज्ञानेश्वरांइतका मवाळ संत दुसरा दाखवता येणार नाही. त्यांच्या ‘अमृतानुभवा’त अज्ञानखंडनाचे प्रकरण सातवे आहे आणि ते सगळ्यांत लांब आहे. भक्तीला तर्काची गरज नसेल. भक्ती दुसऱ्याला समजावून सांगायला मात्र ती लागते.

राहता राहिली व्यवहाराची अडचण. चारशे शब्दांत आणि अर्ध्या तासात एवढे सगळे कसे मावायचे? माझ्या मते त्यांतले शंभर शब्द प्रतिपक्षाचे असावेत, आणि पेपर तपासणाऱ्याने तो परिच्छेद स्वतंत्र वाचून एकच प्रश्न विचारावा: त्या मताचा माणूस या परिच्छेदाखाली सही करील काय? करील असे वाटले तर दहापैकी तीन गुण तिथेच पडावेत, पुढचे उत्तर कसेही असो. आज प्रश्नपत्रिका प्रतिपक्षाचे मुद्दे छापूनच देते, त्यामुळे ते शोधण्याचे, जुळवण्याचे, त्यांतला सर्वांत जड मुद्दा ओळखण्याचे काम मुलाला करावेच लागत नाही. ते मुद्दे काढून टाकावेत आणि सूचनेतला ‘फोलपणा’ही काढावा. फोल आहे की नाही हे उत्तर लिहून झाल्यावर ठरेल.

मग एखादा मुलगा असाही निघेल की प्रतिपक्षाचे शंभर शब्द प्रामाणिकपणे लिहिताना त्याला तोच पक्ष पटू लागेल, आणि तो उरलेल्या तीनशे शब्दांत कारणे देऊन तसे लिहून मोकळा होईल. नियमावलीप्रमाणे त्याने प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही. न्यायसूत्रांच्या हिशोबाने मात्र त्याने वाद केला, कारण जिथे जिंकण्यापलीकडे हेतूच नाही तो जल्प. परीक्षक म्हणून मी त्याला दहातले नऊ देईन, आणि हस्ताक्षर बरे असेल तर दहावाही.